मालगाडीत कुठून येतो?

नाशिकरोडच्या आपल्या शाळेत आमच्या वर्गातली अर्धी मुले एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतली. गच्चीवरच्या पापडांवर राख बसली की आई चिमणीकडे बघून बोटे मोडायची, आणि त्याच चिमणीवर आमचे घर चालायचे. आठवीत भूगोलाच्या बाईंनी विचारले, "कोळसा कुठून येतो?" मी ठणकावून सांगितले, "मालगाडीतून." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "मालगाडीत कुठून येतो?" म्हणाल्या आणि फळ्यावर वर्धा नदी काढली. आपला नाशिकचा काळा पाषाण लाव्ह्याचा, त्यात कोळसा मिळायचा नाही; तो गोंडवन खडकांत, चंद्रपूरकडे. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वेचा फाटा कोळशासाठीच टाकला होता, वरोऱ्याची ती खाण १९०६ साली बंद पडली, रूळ मात्र पुढे गेले. हे सगळे पुस्तकाबाहेरचे. परीक्षेत त्यातले काही आले नाही.

पुढे मी खाण सर्वेक्षक झालो आणि नोकरीही लागली ती चंद्रपूर जिल्ह्यातच. गाव नाहीसे कसे होते, ते तिथे जवळून पाहिले. आधी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली राजपत्रात अधिसूचना निघतात: कलम ४ खाली पूर्वेक्षणाची, म्हणजे जमिनीत कोळसा आहे का ते शोधण्याची, ७ खाली संपादनाच्या इराद्याची, ९ खाली प्रत्यक्ष संपादनाची. राजपत्र गावात कोण वाचतो? भिंतीवर लाल रंगाने नंबर पडला की लोकांना कळते. मग मोजणी. घर पक्के की कुडाचे, विहीर किती खोल, आंब्याचा बुंधा केवढा. एका म्हाताऱ्याने माझा तक्ता निरखून पाहिला आणि विचारले, "सायेब, मारोती कोन्त्या रकान्यात लिवता?" माझ्याकडे 'इतर बांधकाम' एवढाच रकाना होता. पाराला तर तोही पुरा लागू पडेना. पिंपळ झाडांत लिहिला, ओटा बांधकामात.

खुल्या खाणीत गाव एका दिवसात जात नाही. आधी काळी माती खरवडतात. खालचा दगड सुरुंगाने फोडून डंपर बाजूला नेऊन ओततात. कोळशावरच्या या माती-दगडाला तिकडे सगळे 'ओबी' (ओव्हरबर्डन) म्हणतात, आणि त्याचे ढीग सपाट मुलखात डोंगरासारखे उभे राहतात. शेवटी गाव होते तिथे खड्डा, शेते होती तिथे टेकडी. जुन्या भूमिगत खाणींची तऱ्हा निराळी: ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घरच जमिनीच्या पोटात गेले.

मी मोजलेल्या गावाचे पुनर्वसन झाले. नाव जुनेच ठेवले. रस्ते सरळ आहेत, घरोघरी नळ आहे, हेही सांगायलाच हवे. मारुतीला स्लॅबचे देऊळ मिळाले. दोन एकरांमागे एक नोकरी या हिशेबात ज्यांची पोरे लागली, त्यांच्या दारात मोटारी उभ्या आहेत. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता, ती रोजमजुरीची घरे मात्र नव्या गावात फारशी आलीच नाहीत. झोपडीचे जे काही पैसे हातात पडले, ते घेऊन कोणी बल्लारपूरला गेले, कोणी नागपूरला बांधकामावर.