16 पिक्सेलांत तुरीची शेंग

लातुरात गंजगोलाईजवळ माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं हे रोजचं काम. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका डाळमिलच्या शेठजींचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. बिलिंगचं नवीन सॉफ्टवेअर बसवलं होतं, मुहूर्तावर पहिलं बिल फाडायचं होतं आणि त्याला आयकॉन म्हणून स्वतःचा लोगो पाहिजे होता. "ताई, दोन मिनिटांचं काम. लोगो तयारच आहे, फक्त बारीक करायचा."

लोगो म्हणजे किलोच्या पाऊचची ईपीएस, म्हणजे छपाईची फाइल, थेट प्रेसकडून आलेली. घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्राममधून पीएनजी, म्हणजे स्क्रीनवरचं साधं चित्र काढलं तर चारी बाजूंना कापायच्या खुणा (कट मार्क) आणि रंगपट्ट्या, मधोमध इवलासा लोगो आणि त्यावर भडक गुलाबी पट्टा. पोरगं घाबरलं. "व्हायरस तर नाही ना?"

व्हायरस कसला! पारदर्शक फिल्मवर रंग उठून दिसावेत म्हणून त्यांच्यामागे पांढऱ्या शाईचा थर देतात. पांढऱ्या स्क्रीनवर पांढरं दिसणार कसं? म्हणून फाइलमध्ये त्याला वेगळा स्पॉट कलर, म्हणजे स्वतंत्र शाई नेमतात, दिसायला गुलाबी, निळा काहीही देतात आणि वर ओव्हरप्रिंट, म्हणजे बाकीचे रंग न कापता छापायची खूण लावतात. छपाईची प्लेट काढणाऱ्याला हे कळतं. पीएनजीला शाईशी काय देणंघेणं, फाइलने गुलाबी म्हटलं की तिने गुलाबीच काढलं.

कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये तो थर आणि मार्क उडवले. पानांचा हिरवा छपाईच्या शाईंत सायन (निळसर) 100 टक्के, यलो 100 टक्के होता. नुसत्या गणिताने आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळ्यात केला की 0-255-0 येतो, डोळ्यांत घुसणारा. शाईचा रंग स्क्रीनवर कसा दिसेल ते सांगणारं प्रोफाइल लावून, पाऊच स्क्रीनशेजारी धरून तो ताळ्यावर आणला.

खरी गोम पुढे होती. विंडोजच्या आयसीओ, म्हणजे आयकॉनच्या फाइलच्या पोटात एकाच वेळी अनेक मापांची चित्रं राहतात. 256 आणि 48 पिक्सेलांच्या मापाला लोगो निभावला, 32 ला नाव गेलं. 16 ला मात्र सगळं शेवाळ साचल्यासारखं झालं. होणारच. 16 गुणिले 16 म्हणजे सगळ्या मिळून 256 चौकटी, आणि त्यात तुरीची फांदी, पानं, शेंगा, कमानीत दुकानाचं नाव, खाली स्थापनेचं साल! हे बारीक करून होणारं काम नव्हतं, नव्याने काढायचंच होतं.

सगळं काढून एकच आडवी शेंग ठेवली. आत दाणे, प्रत्येक 2 पिक्सेलांचा, मध्ये एकेक पिक्सेल मोकळा. तीन दाण्यांना 8 पिक्सेल लागतात, चारांना 11. चार बसवले की शेंगेची टोकं बोथट होतात, म्हणून तीनच घेतले. कडेची रेघ दोन पिक्सेलांच्या मधोमध पडत होती, त्यामुळे दोन्ही अर्धवट रंगून मळकट दिसायचे. अर्धा पिक्सेल सरकवली तशी लख्ख झाली.

संध्याकाळी शेठजी स्वतः आले. "नाव कुठंय? वडिलांनी ठेवलेलं नाव हाय ते."

"काका, टाकते की. हे घ्या, वाचून दाखवा."

नावासकट बारीक केलेला लोगो आहे त्या मापात स्क्रीनवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, नाक काचेला टेकेपर्यंत वाकले, मग मुलाला वाचायला लावलं. त्यालाही जमेना.

"बरं, शेंग राहू द्या. पण दाणे तीन नको. तीन तिघाडा, काम बिघाडा. उद्या मुहूर्त हाय."

चार केले. टोकं बोथट झाली, पण त्यांना तीच आवडली. "भरलेली शेंग अशीच असते," म्हणाले. यावर आपण काय बोलणार, आयुष्यभर तूर पाहिलेला माणूस.

मग बिल बघून थबकले. "फ्लेक्सचा भाव स्क्वेअर फुटाने लावता ना ताई? मग याचाही तसाच लावा की."

भाव मी कामाचाच लावला. त्यांच्या मुनीमजींनी अर्धे पैसे तिथंच दिले, बाकीचे दिवाळीनंतर म्हणाले.