सोमवारचा प्रिंटर

"दादा, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय. शनिवारी चांगला चालत होता हो!" सोमवारी सकाळी अकराच्या आत असा एक तरी फोन येतोच.

मी सांगलीत छोट्या ऑफिसांचं नेटवर्क सांभाळतो. सीए, वकील, दवाखाने, हळदीचे अडते. सगळीकडे सामान तेच: फायबरवाल्याने बसवलेला राउटर, पाच-सात कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा, एक प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बोट लावायचं हजेरीचं मशीन. शिवाय स्टाफचे मोबाइल, ते कोणी मोजतच नाही.

परवा एका सीए मॅडमकडे गेलो, तर सोमवार आणि २० तारीख एकाच दिवशी. म्हणजे जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस. कुणाला मान वर करायला सवड नाही आणि प्रिंटर ढिम्म. माझ्या आधी आलेल्याने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला होता. ड्रायव्हरचा इथे काय संबंध, देव जाणे. मी प्रिंटरच्याच पॅनेलवरून नेटवर्कचं पान छापून घेतलं. त्यावर प्रिंटरचा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर: १९२.१६८.१.७. कॉम्प्युटरमध्ये प्रिंटरच्या पोर्टवर लिहिलेला १९२.१६८.१.४. राउटरच्या क्लायंट लिस्टमध्ये पाहिलं, तर ४ नंबरवर आर्टिकलशिपच्या एका पोराचा मोबाइल! मॅडम सकाळपासून त्या मोबाइललाच चलनं छापायला सांगत होत्या.

हे होतं कसं? मशीन चालू झालं की त्याच्याजवळ पत्ता नसतो, म्हणून ते अख्ख्या नेटवर्कला हाक मारतं. राउटर एक पत्ता पुढे करतो, मशीन तो मागून घेतं, राउटर होकार देतो. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक्नॉलेज. यालाच डीएचसीपी म्हणतात. आज चालतो तो नियम १९९७ सालचा आहे. पण मिळालेला पत्ता मालकीचा नसतो, अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखा मुदतीचा असतो. निम्मी मुदत सरली की मशीन आपणहून नूतनीकरण मागतं. शनिवारी संध्याकाळी बंद केलेला प्रिंटर मागणार कुठून? त्यात ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडायची पद्धत. राउटर बंद झाला की बऱ्याच स्वस्त राउटरांची कोणाला काय दिलं ही यादीच पुसली जाते. सोमवारी आधी येईल त्याला आधी पत्ता, आणि मोबाइल तर दारातूनच जोडला जातो.

बरेच जण यावर प्रिंटरमध्येच पत्ता पक्का टाइप करून मोकळे होतात. राउटरला त्याचा पत्ता नसतो! तो तोच नंबर दुसऱ्याला देतो आणि कॉम्प्युटरवर आयपी कॉन्फ्लिक्टचा निरोप झळकतो. पुढे कधी राउटर बदलला आणि नव्याची मालिका १९२.१६८.०ची निघाली, तर प्रिंटर जुन्याच मालिकेत एकटा पडतो.

मी सगळं राउटरमध्ये करतो. डीएचसीपीच्या पानावर पूल, म्हणजे आपोआप वाटायच्या पत्त्यांचे शेवटचे आकडे, १०० ते १९९ ठेवतो; येणारे-जाणारे त्यात. ५०च्या खाली कायमची मंडळी: प्रिंटर १०, टॅलीचा कॉम्प्युटर २०, डीव्हीआर ३०, हजेरी मशीन ४०. ॲड्रेस रिझर्व्हेशनमध्ये प्रत्येकाचा मॅक ॲड्रेस (मशीनची कारखान्यातूनच आलेली ओळख) लिहिला, की राउटर त्याला दर वेळी तोच नंबर देतो. काही राउटर पूलच्या बाहेरचा नंबर राखूच देत नाहीत. तिथे पूल १० पासून सुरू करायचा. प्रिंटरला दोन मॅक असतात, केबलचा वेगळा आणि वायफायचा वेगळा. जो वापरात आहे तोच लिहायचा. मोबाइलला राखीव नंबर द्यायच्या फंदात मी सहसा पडत नाही, कारण अलीकडचे फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक दाखवतात. ती सोय आधी त्या फोनमध्ये बंद करावी लागते.

मॅडमकडे आणखी एक गंमत निघाली. आतल्या केबिनमध्ये रेंज येईना म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून जोडलेला, केबल लॅन पोर्टात (कॉम्प्युटर जोडायच्या भोकात) आणि त्याचं डीएचसीपी चालूच. आता पत्ते वाटणारे दोघे. ज्याला जुन्याने आधी उत्तर दिलं तो १९२.१६८.०च्या मालिकेत जातो. त्याला ना इंटरनेट, ना टॅली. कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग /ऑल ही कमांड मारली की डीएचसीपी सर्व्हरच्या ओळीत चोर सापडतो. (तिथे १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजायचं, कोणीच उत्तर दिलेलं नाही; आधी केबल बघा.) जुन्याला १९२.१६८.१.२ हा स्वतःचा पत्ता दिला, त्याचं डीएचसीपी बंद केलं, केबल लॅनमध्येच ठेवली. केबिनमध्ये रेंजही राहिली.

निघताना राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल मॅडमच्या कॉम्प्युटरवर ठेवली आणि नंबरांची चिठ्ठी राउटरखाली चिकटवली. चिठ्ठीवर वर लाल शाईने लिहिलं: "नेट गेलं तर रिसेटच्या भोकात पिन घालू नये. आधी मला फोन करावा." खाली माझा नंबर.