मिठाची वाटी

आज दुपारी दोन वाजता, जेवणाची भांडी विसळून झाल्यावर, ओट्यावरच्या स्टीलच्या वाटीत चिमूटभर मीठ शिल्लक असलेले मला दिसले. गेल्या श्रावणात ही वाटी आमच्या घरात आली तेव्हा पहिला आठवडाभर ती दुपारच्या जेवणालाच रिकामी होत असे आणि मग रात्रीचा स्वयंपाक कशावर करायचा, यावरून आम्हा नवराबायकोत रोज एक लहानशी चकमक झडत असे. माझा रक्तदाब वाढल्याचे निघाल्यावर डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर सांगितले, की माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. दोघांचे दोन चमचे सकाळीच वाटीत काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा हाच आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. खाल्ल्या मिठाला जागावे असे लहानपणापासून ऐकत आलो होतो. माझ्या बाबतीत खाल्लेले मीठच जागे राहिले होते.

तर ही शिल्लक दाखवावी म्हणून वाटी हातात घेऊन मी सोप्यात गेलो. सौ. खिडकीपाशी विणत बसली होती. मुलीला सातवा महिना लागला आहे आणि बाळंतविड्यातले टोपडे आणि पायमोजे झाले असले, तरी स्वेटर व्हायचा आहे. सगळे तयार मिळते, तू डोळे कशाला शिणवतेस, असे मुलगी पुण्याहून दर रविवारी फोनवर बजावते आणि ही दर रविवारी "बरं" म्हणून पुढची ओळ घालते. मी तोंड उघडणार, इतक्यात तिने माझ्याकडे न पाहताच मोकळी सुई वर उचलली. या खुणेचा अर्थ मला वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक आहे. टाके मोजणे चालू आहे, आता बोलू नये. मी वाटी घेऊन तसाच उभा राहिलो.

आई अशीच सुई उचलत असे. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात दुपारी वडील पेढीवर गेले, की ती उंबऱ्यापाशी उजेडाला बसायची आणि मग मोजणी सुरू असेपर्यंत दारात कोणीही आले तरी त्याला थांबावे लागे. शेजारच्या काकू, केळीवाली, एकदा तर पोस्टमन, सगळे त्या उचललेल्या सुईसमोर मुकाट उभे राहिलेले मी पाहिले आहेत. काठाला बारा नंबरची सुई, एक सुलट एक उलट. अंगाला दहा नंबरची. सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, हे गणित मला शाळेतल्या कोणत्याही गणितापेक्षा आधी आले. एखादा टाका सुटून चार ओळी खाली घसरला, तर त्याला वर आणण्याऐवजी ती सरळ तेवढ्या ओळी उसवत असे, कारण उचललेला टाका तिच्या म्हणण्याप्रमाणे "कळतो". कोणाला कळतो, हे मात्र तिने कधी सांगितले नाही.

त्या काळी लोकर लडीत मिळत असे आणि लडीचा गुंडा करायचा तर समोर कोणाचे तरी दोन हात लागत. ते हात माझे होते. दोन्ही हात समोर ताठ धरायचे, त्यांवर लडी चढवायची आणि आई गुंडाळू लागली, की धागा ज्या बाजूने सुटेल तो हात किंचित कलता करायचा, पुन्हा दुसरा, पुन्हा पहिला. दहा मिनिटांत खांदे भरून येत. याच वेळेला पेठेतली पोरे तालमीकडे निघालेली असत आणि मला तसा बसलेला पाहून त्यांतला एक जण हमखास ओरडायचा, "कुणी बेड्या घातल्या रं?" मला लाज वाटे, पण हात खाली घेता येत नसत, गुंता झाला असता. पुढे मी तालमीत जाऊ लागलो आणि वस्तादांनी दंड मारायला लावले, तेव्हा लडी धरण्यापेक्षा ते काम सोपे आहे असे माझे प्रामाणिक मत झाले.

कोल्हापुरात थंडी ती किती? दिवाळीनंतर चार-सहा आठवडे पहाटे रंकाळ्यावर धुके उतरते, तेवढीच. तरीही आम्हा तिघा भावंडांना दरवर्षी स्वेटर होत असे आणि तो नेहमी एक माप मोठा असे. आखूड झालेला थोरल्याचा स्वेटर उसवला जाई, शेवयांसारखी आकसलेली ती लोकर पुन्हा लडी करून धुऊन खाली वजन बांधून दोरीवर टांगली जाई आणि सरळ झाली, की धाकट्याच्या अंगावर येई. माझ्या निळ्या स्वेटरच्या बाह्या बहिणीच्या जुन्या स्वेटरच्या होत्या आणि त्या अंमळ फिक्या आहेत हे वर्गात फक्त मलाच दिसत असे.

इतकी हिशेबी बाई चुलीपुढे बसली, की मात्र मोजमाप या गोष्टीशी तिचा काही संबंध उरत नसे. मीठ चिनी मातीच्या बरणीत असे आणि तिथून ते तिच्या तीन बोटांत येई. त्या बोटांत किती मावते, हे तिने कधी पाहिले नसावे. आत्याने एकदा रश्श्याचे प्रमाण लिहून मागितले, तेव्हा आईने बराच विचार करून "बेताने घाल" एवढेच सांगितले आणि आत्याने ते वहीत खरोखरच लिहून घेतले. रविवारी मटण शिजले, की त्यातले पाणी तिखट घालण्याआधी वाटीभर काढून आम्हा मुलांना देत. त्याला आमच्याकडे अळणी म्हणतात. अळणीचा अर्थ बिनमिठाचे, पण आमच्या अळणीत मीठ असतेच, नसते ती फक्त चटणी. मीठ नसलेल्या पदार्थासाठी कोल्हापूरला वेगळा शब्द सुचू नये, यातच माझ्या रक्तदाबाचे मूळ आहे असे मी डॉक्टरांना सांगणार होतो. पण बाहेर रांग मोठी होती.

सौ. तशी आईच्याच वळणाची. विणताना एकेक टाका मोजणार आणि फोडणीत सगळे अंदाजाने. म्हणून वाटी आली तेव्हा मला वाटले, हिला हे जमणार नाही. तिने ते ज्या रीतीने जमवले, त्याचे मला अजून नवल वाटते. पहिल्या आठवड्यातल्या चकमकींनंतर एका दुपारी तिने विणकामाची वही उघडली आणि स्वेटरचे टाके मांडावेत तसे चटणीचे मीठ मांडले. आमची वर्षाची कांदा-लसूण चटणी चैत्रात डंकावर कुटून येते. किलोभर मिरचीला, तीत ब्याडगी रंगापुरती आणि बाकी जवारी, आमच्या घरी पाव किलो खडेमीठ पडते, नाहीतर चटणी टिकत नाही. कांदा, लसूण, खोबरे, धने, तीळ, तेल धरून सगळी भरते तीन किलोच्या आसपास. म्हणजे चहाच्या एका चमच्यात साधारण अर्धा ग्रॅम मीठ. रश्श्याला असे चार चमचे, की वरून चिमूटही न घालता दोन ग्रॅम झाले. आणि वाटीतले जात होते ते याच्याशिवाय. "म्हणजे इतकी वर्षं आपण दुहेरी विणत होतो," ती म्हणाली आणि पापडाचा डबा वरच्या फळीवर गेला. लोणच्याची बरणी मात्र खालीच राहिली, कारण ते तिच्या माहेरचे होते. या बाबतीत मी काही बोललो नाही.

मी रोज सकाळी रंकाळ्यावर चालायला जातो. शालिनी पॅलेसच्या बाजूने जाणारा आमचा निवृत्तांचा गट आहे, त्यात कोणाची साखर किती आणि कोणाची गोळी कितीची, हे भाजीच्या भावासारखे बोलले जाते आणि चालून झाले, की निम्मा गट मिसळ खायला वळतो. पहिले दोन महिने मी त्यांच्या पाठीकडे पाहत घरी येत असे आणि घरी भाताबरोबर आमटी नावाचे जे काही समोर येई, ते पाण्यात बुडवून काढल्यासारखे लागे. मग ते तसे लागेनासे झाले. कधी, ते सांगता येणार नाही. मीठ कमी केले, की काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते, असे डॉक्टर म्हणाले होते खरे, पण डॉक्टर असे पुष्कळ काही म्हणतात.

मागच्या पंधरवड्यात भुदरगडातल्या एका पाहुण्यांकडे जेवण होते. पंगत बसली, तांबडा आला, पांढरा आला, आणि पहिल्याच घोटाला मी थबकलो. रस्सा खारट होता. मी शेजारी पाहिले; लोक वाटीवर वाटी ओरपत होते. सौ.ने माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली, म्हणजे तिलाही तसेच लागले होते. रस्सा बिघडलेला नव्हता. तो तसाच होता, जसा आमच्याकडे तिन्ही पिढ्या होत आला, तीन बोटांच्या मिठाचा.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात येते आणि मी ती सौ.ला अजून बोललेलो नाही. समजा आई आज असती आणि तिने रविवारच्या दुपारी मला समोर बसवून ती अळणीची वाटी दिली असती, तर मला ती खारट लागली असती. ती विचारायची, "बरोबर हाय न्हवं?" आणि मी काय सांगितले असते?

सुई खाली आली. "अठ्ठ्याऐंशी," ती स्वतःशीच म्हणाली आणि मग माझ्याकडे वळली, "काय म्हणत होता?"

मी वाटी पुढे केली. तिने आत पाहिले, चिमूट बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "रात्रीच्या आमटीला पुरेल. आणि ती पिवळी लडी आणा आतून, हात धरायचे आहेत."

मी वाटी ओट्यावर ठेवली आणि लडी घेऊन आलो.