टिंबाचं काय करायचं?

दुकानांच्या मराठी पाट्यांसाठी कोर्टाने दिलेली मुदत २५ नोव्हेंबर २०२३ ला संपली, पण आमच्या लोअर परळच्या गाळ्यातलं अक्षरं कापायचं काम काही आवरत नव्हतं. त्या गडबडीत एक शिल्पकार मुलगी आली. तिला पाटी नको होती. एकाच वस्तूत दोन शब्द हवे होते: एका अंगाने ‘संप’, दुसऱ्या अंगाने ‘घर’.

ऐकायला जादू वाटते, कृती साधी आहे. थर्माकोलचा दीड फुटी ठोकळा घ्यायचा, गरम तारेने समोरून ‘स’ कापायचा, मग ठोकळा काटकोनात फिरवून ‘घ’. दुसऱ्या ठोकळ्यातून तसेच ‘प’ आणि ‘र’. दोन्ही कोपऱ्याला कोपरा लावून तिरके मांडले की डावीकडून एक शब्द वाचता येतो, उजवीकडून दुसरा. अट एकच: ज्या उंचीवर एका अक्षराचा माल आहे, तिथे दुसऱ्याचाही हवा. शिरोरेषा जुळल्या, खालचे दांडेही जुळले. अडलं टिंबापाशी. ‘घ’च्या डोक्यावर काहीच नसतं, त्यामुळे दुसऱ्या कापात अनुस्वार उडाला. पाटीवर आम्ही तो मागच्या शीटला चिकटवतो; इथे मागे शीटच नाही. गोळी बसवून पाहिली, तर पलीकडून ‘घंर’. मी कॉम्प्युटरवर अख्खी सकाळ घालवली, हेही कबूल करून टाकतो.

“राहू दे ना,” मुलगी म्हणाली. “लोक समजून घेतील.”

रंगकाम करणारे आमचे काका तोवर गप्प होते. ते पूर्वी कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ पासून जे अडीचेक लाख कामगार संपावर गेले, त्यांतले एक. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुढे १९९१ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचा नियम आला: एक वाटा मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, म्हणजे शेडखालची जागा त्यातून सुटली. काका हे सांगताना ‘फक्त’वर असा काही जोर देतात की बस्स. गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांचाही अर्ज आहे.

“अगं पोरी, टिंब काढलंस तर ‘सप’ उरतं. तो काय शब्द झाला?”

भंगारातून त्यांनी दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा काढला, त्याची रुपयाएवढी नाही, चांगली वाटीएवढी चकती कापली, सायकलच्या स्पोकवर बसवली आणि स्पोक शिरोरेषेत खोवला. ‘संप’कडून बघितलं तर गोल, ठसठशीत टिंब. ‘घर’कडून बघितलं तर चकतीची नुसती कड: खिळा ठोकायचा राहून गेल्यासारखी एक उभी रेघ. मुलगी तीनदा इकडून तिकडे गेली. रेघ तशीच ठेवायची, म्हणाली. रंगवायचीही नाही.

संध्याकाळी टेम्पो आला. ठोकळे गोधडीत गुंडाळून मागे ठेवले. चकती वाकू नये म्हणून काकांनी ती वहीत घातली आणि वही मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरशेजारी बसले.