जुनी कॅरॅव्हॅन घेताय? आधी बॅटरीचा खण आणि मैल्याची टाकी बघा

कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, विकायला काढली की मालक गाद्यांना नवी कव्हरं घालतो, ओट्यावर नवं सनमायका चिकटवतो. खरा खर्च दडलेला असतो तो मात्र बाकाखालच्या बॅटरीच्या खणात आणि चेसिसखालच्या टाक्यांत. मग ती मागे जोडून ओढायची असो की ट्रॅव्हलर गाडीवर बांधलेली, आतली व्यवस्था जवळपास सारखीच असते.

परदेशी व्हिडिओ बघून शिकायला गेलात तर निम्मी माहिती पाइपात पाणी गोठू नये यासाठीच असते. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास खेळतो. इथे बॅटरी उन्हाने मरते, बेसिनखालच्या पाइपच्या वाकातलं, वास अडवणारं पाणी उन्हाने आटतं आणि टाकीतला मैला उन्हाने लवकर सडतो. म्हणून पुढचं सगळं आपला उन्हाळा धरून लिहिलं आहे.

गाडीत वीज दोन प्रकारची असते. दिवे, छताचा पंखा, पाण्याचा पंप आणि छोटा फ्रिज बॅटरीच्या १२ व्होल्टवर चालतात. एसी, मिक्सर आणि भिंतीवरचे सॉकेट २३० व्होल्टवर, म्हणजे बाहेरून वायर जोडली तरच किंवा इन्व्हर्टरमधून. बहुतेक गोंधळ हे दोन एकच समजल्याने होतो.

बॅटरी तपासायची तर चार्जिंग आणि सगळा लोड बंद करून तीन-चार तास तशीच ठेवा, मग मल्टीमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जर चालू असताना १३.८ दाखवलं म्हणून खूश होऊ नका, तो आकडा चार्जरचा आहे. लिथियम बॅटरी असेल तर व्होल्टवरून फारसं कळत नाही, ती बराच काळ १३.२-१३.३ वरच बसून असते. तिथे किती अँपिअर आत गेले आणि किती बाहेर आले हे मोजणारा शंट मीटर लावलेला बरा.

आता हिशोब. २५ वॅटचा पंखा साधारण २ अँपिअर घेतो, रात्रीचे दहा तास धरले तर २० अँपिअर-तास. दिवे ५, पंप २, मोबाइल ५. कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज चालू असताना ४ अँपिअर ओढतो, आणि आपल्या उन्हात तो निम्म्याहून जास्त वेळ चालूच असतो, म्हणजे दिवसाला ५० च्या पुढे. बेरीज ८० च्या वर गेली. १५० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे हातात ७५. फ्रिज असेल तर एक बॅटरी एक दिवस-रात्रही धड काढत नाही, हे घेण्याआधीच समजून घ्या. आणि एक टनाचा एसी इन्व्हर्टरवर चालवायचा विचार सोडून द्या. ११०० वॅटसाठी बॅटरीतून शंभरावर अँपिअर जातात, अर्ध्या तासात खेळ संपतो.

उन्हाचा हिशोब वेगळाच. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बंद खणात, उन्हात उभ्या गाडीत काय होत असेल ते बघा. खणाला वर आणि खाली दोन्हीकडे जाळी हवी. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यालाही बाहेर पडायला तीच वाट असते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर बघा. बोअरचं पाणी चुकूनही नको. चार्जरला तापमानाचा सेन्सर असेल तर तो बॅटरीलाच चिकटलेला आहे ना, हे तपासा. २५ अंशांत १४.४ व्होल्टने चार्ज होणारी बॅटरी ४५ अंशांत १४.० च्या आसपासच थांबायला हवी, नाहीतर पाणी उकळून उडतं. छतावरच्या सोलर पॅनलचंही तसंच. तापलेलं पॅनल १५ टक्क्यांपर्यंत कमी देतं, त्यात आपली धूळ.

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ वायरिंगला द्या. पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड दिसले की ते मोजायला लागा. उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन टेप सरकते आणि तांबं उघडं पडतं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत मुख्य फ्युज आहे का? नसेल तर सौदा तिथेच थांबवा. १००० वॅटच्या इन्व्हर्टरला साधारण १२५ अँपिअरचा फ्युज आणि ३५ चौरस एमएमची केबल लागते, केबलच्या टोकाचे लग क्रिम्पिंग टूलने दाबलेले हवेत, हातोड्याने ठोकलेले नकोत. फ्युजच्या जागी तार लावलेली असेल तर मागच्या मालकाला काहीतरी वारंवार जळताना दिसलं होतं आणि त्याने कारण शोधलं नाही. वायर पुरेशी जाड आहे का हे बघायची साधी पद्धत आहे: पंप चालू करून आधी बॅटरीवर आणि मग पंपाच्या टोकावर व्होल्टेज मोजा. फरक ०.४ व्होल्टपर्यंत ठीक. बॅटरीवर १२.६ आणि पंपावर ११.४ आलं तर मधला कुठलातरी जोड तापतोय.

बाहेरची वीज हा सगळ्यात धोक्याचा भाग. परदेशात कॅम्पसाइटवर यासाठी ठरावीक सॉकेट असतात. आपल्याकडे ढाबा, लॉज, नातेवाइकाचं घर, सारंगखेड्याच्या यात्रेतलं तात्पुरतं कनेक्शन नाहीतर शेतातली मोटार. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिला जमिनीचं अर्थिंग आपोआप मिळत नाही. आत कुठे फेज बॉडीला लागला तर पत्रा तसाच जिवंत राहतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून दाराच्या कडीला हात लावणारा माणूस अर्थिंग होतो.

म्हणून प्लग घालण्याआधी सॉकेटमध्ये मल्टीमीटर लावायचा. फेज-न्यूट्रल २१० ते २४० च्या दरम्यान यायला हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थला शून्य किंवा कमी, सतत फिरता आकडा दिसला तर तिसरी पिन शोभेची आहे, तिथे जोडू नका. संध्याकाळी व्होल्टेज १८५ वर आलं असेल तर एसीचा कॉम्प्रेसर नुसता घुमत राहतो आणि वाइंडिंग तापतं, अशा वेळी पंख्यावर रात्र काढा.

शेतात भरीत पार्टी ठरली की कोणीतरी हमखास सुचवतं, मोटारीच्या पेटीतून वायर ओढू. त्या पेटीत तीन फेज असतात, दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट, चुकून त्यावर जोडलंत तर चार्जर, फ्रिज, एसी सगळं एका क्षणात जातं. बऱ्याच ठिकाणी पेटीत न्यूट्रल नसतोच आणि अर्थिंगचा रॉड किंवा बोअरचा केसिंग पाइप न्यूट्रल म्हणून वापरतात. दिवा पेटतो, म्हणून सगळ्यांना ते बरोबर वाटतं. पण गाडीची बॉडी त्याच रॉडला जोडली की करंट वाहताना बॉडीवर व्होल्टेज चढतं, आणि यात आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण त्याच्यातून जाणारा आणि येणारा करंट सारखाच असतो. माती कोरडी झाली की व्होल्टेज आणखी चढतं. तारेवर आकडा टाकून वीज देतो म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा.

गाडीच्या आत येतायेता ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि १६ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी हवा. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. दर महिन्याला त्याचं टेस्ट बटण दाबून बघा. बाहेरची केबल अडीच एमएमची, तीन कोअरची, तांब्याची घ्या आणि एसी चालवताना रीळ पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली केबल आतल्या आत वितळते.

आता टाक्या. तीन असतात: पिण्या-वापरण्याच्या पाण्याची, बेसिन-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. छोट्या गाड्यांत मैल्याच्या टाकीऐवजी वीस लिटरचा कॅसेट टॉयलेटचा डबा येतो, तो ओढून काढून साध्या संडासात रिकामा करता येतो.

आपण पाण्याने धुतो, हे परदेशी हिशोबात धरलेलं नसतं. जेट किंवा मग धरला तर माणशी एका वेळी दोन लिटर सहज जातात. चार माणसं, दिवसातून पाच-पाच वेळा, म्हणजे ४० लिटर. ऐंशी लिटरची टाकी दोन दिवसांत भरते आणि कॅसेटचा डबा अर्ध्या दिवसात. फायदा एवढाच की कागद नसल्याने पाइप सहसा तुंबत नाही.

मैल्याच्या टाकीचा वाल्व कायम बंद ठेवायचा. पाइप जोडून वाल्व उघडा सोडला की पाणी निघून जातं आणि घट्ट मैला खाली थर धरून बसतो, उन्हात तो विटेसारखा होतो. टाकी रिकामी झाली की लगेच पाच-सात लिटर पाणी सोडून ठेवा. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, त्याहून कमी असेल तर लोंढा जोर धरत नाही. पण मे महिन्यात भरली नसली तरी तिसऱ्या दिवशी रिकामी कराच.

रिकामी करायची जागा म्हणजे सेप्टिक टँकला जाणाऱ्या लाइनचा चेंबर, मालकाला विचारून. नाहीतर नगरपालिकेची मैला उपसणारी गाडी बोलवा. नाला, पाटचारी, तापीचा काठ, केळीचा बांध, कुठेही नाही. रबरी हातमोजे घाला. तीन इंची पाइपचं एक टोक गाडीला पक्कं फिरवून बसवा, दुसरं चेंबरमध्ये उतरवून वर वीट ठेवा, नाहीतर पहिल्याच झटक्यात ते बाहेर उसळतं. आधी मैल्याचा वाल्व एका दमात पूर्ण ओढा, अर्धवट नाही. आवाज थांबला की बंद करा, संडासातून पंधरा-वीस लिटर पाणी ओता, पुन्हा सोडा. मैल्याचा वाल्व बंद करून मगच सांडपाण्याचा उघडा, त्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. शेवटी पाइप गाडीकडून उचलत चेंबरकडे निथळवा. पिण्याचं पाणी भरायचा पाइप वेगळ्या खणात ठेवा.

टाकीत फिनाइल आणि संडास साफ करायचं ॲसिड घालू नका. वाल्वचे रबरी सील खराब होतात आणि ज्याच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामं करता तिथले जिवाणू मरतात. जिवाणूंची पावडर मिळते ती वापरा. तुंबलं तर पाण्याचा दाब द्या, रात्रभर भिजू द्या. कुणालाही सेप्टिक टँकमध्ये उतरवून पाइप मोकळा करून घेऊ नका. आतल्या वायूने माणूस काही क्षणांत पडतो, आणि २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय ते काम करून घेणं गुन्हा आहे.

सांडपाण्याच्या टाकीचा शत्रू म्हणजे शेवभाजीची तर्री. तेल टाकीच्या भिंतीला आणि सेन्सरला चिकटतं, मग टाकी रिकामी असतानाही दिवा भरलेली दाखवतो. भांडी आधी कागदाने पुसून मगच बेसिनमध्ये घ्या. गाडी आठवडाभर उभी राहिली आणि आत वास आला तर बहुतेक वेळा टाकी फुटलेली नसते, बेसिनखालच्या वाकातलं पाणी आटलेलं असतं. कपभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल ओतलं की ते लवकर उडत नाही.

गाडी घेताना तिन्ही टाक्या पाण्याने काठोकाठ भरून रात्रभर सपाट जागेवर ठेवायला सांगा आणि सकाळी खाली पुठ्ठा टाकून बघा. टाकी धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्टही तेव्हाच हलवून बघा. लिटरला किलो धरला तर तीन टाक्यांचं वजन अडीचशे किलोपर्यंत जातं, तोरणमाळचा घाट चढताना ते सगळं त्या पट्ट्यांवर असतं. पिण्याच्या टाकीला पहिल्यांदा शंभर लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं १०० मिली ब्लीच घालून चार तास ठेवा, प्रत्येक नळ उघडून वास येईपर्यंत सोडा, मग दोनदा धुऊन टाका.

पावसाळ्यात गाडी शेडमध्ये लावायची असेल तर टाक्या रिकाम्या करून सगळे वाल्व बंद आणि पाइपच्या तोंडाला टोपी घाला, नाहीतर उंदीर आत शिरतात. वाल्वच्या दांड्याला सिलिकॉन ग्रीस लावा. कट-ऑफ स्विचने बॅटरी तोडून ठेवा, कारण गॅस अलार्म आणि रेडिओसारख्या गोष्टी मिळून अर्धा अँपिअर जरी ओढत असतील तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावा आणि १२.४ च्या खाली दिसलं की त्याच दिवशी चार्जिंगला घाला.