पाळणाघराची ओसरी

अमेरिकेत मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ईगल हाइट्स या कौटुंबिक वसाहतीत आम्ही चार वर्षे राहिलो. मेंडोटा तलावाजवळची हजाराहून अधिक घरे, देशोदेशींची कुटुंबे आणि १९६२ पासून रहिवासी कसत आलेली सामुदायिक बाग. पती पीएच.डी. करत होते आणि माझा व्हिसा एफ-२, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याच्या जोडीदाराचा, असल्याने मला नोकरीची परवानगी नव्हती. पुण्यात वास्तुविशारद म्हणून काम केलेल्या मला हिवाळ्याचे महिने दीड वर्षाच्या लेकीसह दोन खोल्यांत काढावे लागले. अशा वसाहतीसाठी पाळणाघरासह समाजकेंद्राचा आराखडा मी अलीकडे स्वतःहून करायला घेतला, तो त्याच दिवसांच्या आठवणीने.

विस्कॉन्सिनच्या नियमांनुसार पाळणाघरात दर मुलामागे आत ३५ आणि बाहेर ७५ चौरस फूट जागा लागते; दोन वर्षांखालील ४ मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती हवी आणि गट ८ मुलांहून मोठा चालत नाही. म्हणजे एका गटाला २८० चौरस फूट पुरतात. मात्र येण्याजाण्याची वाट, स्वच्छतागृह आणि सामानाची जागा त्यात धरलेली नसते. बर्फात भिजलेले बूट, आठ स्नोसूट, आठ बाबागाड्या आणि घाईतले आईबाप मावतील एवढी प्रवेशाची जागा कोणताही नियम मागत नाही, आणि खर्च कमी करताना कात्री पहिल्यांदा तिलाच लागते.

मी मात्र आराखड्याची सुरुवात तिथूनच केली. वाऱ्याला अडवणारी दुहेरी दारे, पाणी वाहून जाईल अशी उताराची फरशी, मुलांच्या हाताला येतील अशा खुंट्या आणि भिंतीलगत लांब बाक: आपल्याकडची ओसरीच ती. तिच्या एका बाजूला पाळणाघराचे सदैव कुलूपबंद दार आणि दुसऱ्या बाजूला सभागृह, स्वयंपाकघर व एक मोकळी खोली आहे. ज्यांना पाळणाघराचे शुल्क परवडत नाही किंवा ज्या आया माझ्यासारख्या दिवसभर घरीच असतात, त्यांनी मुलांना घेऊन केव्हाही यावे आणि चार माणसांशी बोलावे, यासाठी ती खोली आहे. पैसे भरणाऱ्या कुटुंबांपुरतेच केंद्र बांधले, तर ज्यांना सोबतीची सर्वाधिक गरज आहे तीच माणसे बाहेर राहतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुपारी मुले झोपलेली असताना सभागृहात तबला वाजू शकतो. म्हणून दोहोंच्या मध्ये खुर्च्यांचे कोठार ठेवले आहे. बाकाची उंची अजून ठरायची आहे, कारण बूट काढणारे मूल आणि बाळाला पाजणारी आई या दोघांनाही तिथे नीट बसता यायला हवे.