मुन्सिफपासून राजभवनापर्यंत, व्हाया आमचा फळा

आमच्या शाळेतनं डॉक्टर निघाल्या, बँकेतल्या ऑफिसर तर ढिगाने निघाल्या, पण वकील अगदी बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली मी एक. धोबी तलावला स्मॉल कॉजेस कोर्टात पागडीच्या न् भाडेकरूंच्या केसेस चालवते, आणि तारखेवर तारीख पडून वैताग आला की नागरिकशास्त्राच्या बाईंवरच राग काढते, कारण हे खूळ त्यांनीच डोक्यात घातलं.

1989 च्या ऑक्टोबरात न्या. फातिमा बीवी सुप्रीम कोर्टात गेल्या, तिथल्या पहिल्या महिला जज. बाईंनी पेपरातलं कात्रण आणून भिंतीवर डकवलं. फोटोत डोक्यावरनं पदर, डोळ्यांना चष्मा. मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणालं, "बाई, ह्या तर माझ्या आजीसारख्या दिसतात!" बाई म्हणाल्या, "मग! बासष्ट वर्षांच्या आहेत." आम्ही 'पहिली महिला' एवढं वहीत लिहून मोकळ्या झालो, जनरल नॉलेजला एक मार्क पक्का. पण बाईंनी खडू घेतला आणि फळाभर पायऱ्या लिहायला लावल्या. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग वडिलांच्या आग्रहाने लॉ, 1950 ला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलीच्या, परीक्षेत पहिल्या, 1958 ला मुन्सिफ म्हणजे सगळ्यात खालचं कोर्ट, मग सब जज, 1974 ला जिल्हा न्यायाधीश, मध्ये इन्कम टॅक्स ट्रायब्युनल, 1983 ला केरळ हायकोर्ट. तिथून एप्रिल 1989 मध्ये रिटायर होऊन घरी गेल्या आणि सहा महिन्यांत दिल्लीला बोलावणं! हे कसं काय म्हणून विचारलं तर बाईंनी त्यातही धडा काढला, हायकोर्टाचे जज बासष्टाव्या वर्षी रिटायर होतात न् सुप्रीम कोर्टाचे पासष्टाव्या.

त्या फळ्याचं महत्त्व मला कोर्टात उभी राहायला लागल्यावर कळलं. आपल्याकडे मोठे जज बहुतेक हायकोर्टाच्या बारमधून, म्हणजे तिथल्या वकिलांतून, थेट वर जातात, खालच्या कोर्टातनं एकेक पायरी चढत दिल्ली गाठणारे फार थोडे, त्यात महिला तर सोडूनच द्या. आपल्या मुंबई हायकोर्टाच्या सुजाता मनोहर सुप्रीम कोर्टात पोचल्या त्यासुद्धा 1994 ला, फातिमा बीवींनंतरच्या दुसऱ्या.

आता राज्यपालपदाचं. जानेवारी 1997 ला फातिमा बीवी तामिळनाडूच्या राज्यपाल झाल्या, आणि माझ्या मते तिथे त्यांची गाडी रुळावरनं घसरली. जज कागद वाचून स्वतः ठरवतो, राज्यपालाला मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावं लागतं, हा फरक छोटा नाही हो. 1999 ला राजीव गांधी खून खटल्यातल्या चौघांचे दयेचे अर्ज त्यांनी फेटाळले, पण मंत्रिमंडळाचा सल्ला न घेता, म्हणून मद्रास हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. पुढे सल्ला आला तेव्हा त्या चौघांतल्या नलिनीची फाशी जन्मठेपेत बदलली. मग मे 2001. जयललितांच्या पक्षाला बहुमत मिळालं, पण शिक्षा झालेली असल्याने त्यांचे उमेदवारी अर्जच बाद झाले होते, तरी फातिमा बीवींनी त्यांना मुख्यमंत्रीपदाची शपथ दिली. पुढच्याच महिन्यात माजी मुख्यमंत्री करुणानिधींची मध्यरात्री अटक, केंद्राने फातिमा बीवींना परत बोलवायची शिफारस केली, आणि जुलैत राजीनामा. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी जयललितांची ती नेमणूकच बेकायदा ठरवली. म्हणजे एकदा स्वतःच्या मनाने ठरवलं तेही चुकलं, एकदा बहुमताचा कौल मानला तेही चुकलं. ज्या कोर्टात त्या पहिल्या म्हणून गेल्या त्याच कोर्टाने चूक दाखवली, याचं मला आजही वाईट वाटतं, पण निकाल बरोबरच होता.

नोव्हेंबर 2023 मध्ये त्या गेल्या तेव्हा आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकीने टाकलं, "जयललितावाल्या ना त्या?" झालं, रात्री उशिरापर्यंत जुंपली, एकजण चिडून ग्रुप सोडून गेली न् सकाळी परत आली. जानेवारीत मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झालं तेव्हा दुसरी फेरी. शेवटी बाईंची, त्याही आता ग्रुपवर असतात, व्हॉइस नोट आली, "आधी ऑर्डर वाचा, मग भांडा." मी लगेच 2001 च्या निकालाची पीडीएफ टाकली. निळ्या टिका सगळ्यांच्या आल्या, वाचली कुणी ते देव जाणे. शाळेच्या महोत्सवाला बाई येणार आहेत आणि त्या विचारणार म्हणजे विचारणारच, तेव्हा मैत्रिणींनो, निदान शेवटची चार पानं तरी वाचून या.